सामन माशाचे दोन हिशेब

मुंबईतल्या हॉटेलांच्या खाद्यपदार्थांच्या यादीत ‘इंडियन सॅमन’ असे नाव पुष्कळदा दिसते. तो मासा म्हणजे आपला रावस. रावस आणि सामन (सॅमन) यांचे कूळ वेगळे आहे; सारखे असेल तर फार तर मांसाचे कौतुक. खरा सामन आपल्या समुद्रात नाही. तो उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिक महासागरांतला, थंड पाण्यातला मासा. तरीही त्याच्याविषयी या पानांवर लिहावेसे वाटले, याचे कारण एक वाक्य आहे. ‘मासे पाळले की समुद्रातल्या माशांवरचा ताण कमी होतो’ हे ते वाक्य. वर्गात नीलक्रांतीचा विषय निघाला की आपण ते सहज बोलून जातो. हे वाक्य कितपत खरे आहे, हे पाहायला सामनइतका चांगला मासा दुसरा नाही. कारण त्याच्यावर या बाजूने आणि त्या बाजूने खूप आकडेमोड झालेली आहे.

या आकडेमोडीतले दोन निबंध आम्ही येथे तपासणार आहोत. दोन्ही ‘नेचर’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. पहिला जून २००० मधला, रोझामंड नेलर आणि त्यांच्या नऊ सहकाऱ्यांचा. दुसरा मार्च २०२१ मधला, पुन्हा नेलर यांच्याच नेतृत्वाखालचा आणि पहिल्या निबंधानंतरच्या वीस वर्षांचा आढावा घेणारा. आपल्याच जुन्या निष्कर्षांकडे वीस वर्षांनी परत वळून पाहणे ही विज्ञानातली चांगली सवय आहे, हे आधीच सांगून टाकतो.

प्रथम माशाची ओळख करून घेऊ. अटलांटिक सामन नदीच्या वरच्या अंगाला, वाळू-गोट्यांत अंड्यातून बाहेर येतो. काही वर्षे गोड्या पाण्यात काढतो, मग त्याच्या शरीरात बदल होतात आणि तो खाऱ्या पाण्यात उतरतो. समुद्रात भरपूर खाऊन मोठा झाला की विणीसाठी परत येतो, आणि तोही बहुधा आपल्या जन्माच्याच नदीत. शेवटच्या टप्प्यात नदीच्या पाण्याचा वास त्याला वाट दाखवतो. यातून एक महत्त्वाची गोष्ट घडते. प्रत्येक नदीतला सामन पिढ्यान्‌पिढ्या त्याच नदीत वीत असल्यामुळे त्या नदीचे तापमान, प्रवाह आणि ऋतू यांच्याशी तो जुळलेला असतो. ‘अटलांटिक सामन’ ही जात एकच. पण तिचे कुळाचार नदीगणिक निराळे, असे म्हणायला हरकत नाही.

नॉर्वेत १९७० च्या सुमारास हा मासा फियोर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत आत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांमध्ये, जाळ्याच्या तरंगत्या पिंजऱ्यांत पाळला जाऊ लागला. पुढे स्कॉटलंड, कॅनडा आणि चिली येथेही हा धंदा वाढला. २०२० मध्ये जगात सुमारे २७ लाख टन अटलांटिक सामन पाळून तयार झाला. आज बाजारात मिळणारा अटलांटिक सामन जवळजवळ सगळा पिंजऱ्यातला असतो.

आता पहिल्या निबंधाकडे येऊ. सामन मांसाहारी आहे. त्याला खाऊ घालण्यासाठी समुद्रातलेच लहान मासे पकडावे लागतात. ते वाळवून दळले की फिशमील होते, आणि दाबून तेलही निघते. एक किलो सामन तयार करायला समुद्रातले किती किलो मासे लागतात, असा साधा प्रश्न नेलर आणि सहकाऱ्यांनी विचारला. त्यांचे उत्तर होते ३.१६ किलो. हा आकडा कसा आला ते वर्गात फळ्यावर करून दाखवता येते. एक किलो सामनसाठी दीड किलो खाद्य. त्यात ४५ टक्के फिशमील, म्हणजे ६७५ ग्रॅम. एक किलो फिशमीलला पाच किलो मासे लागतात, म्हणून ३.३७५ किलो. यातला सोळावा हिस्सा डोकी-काटे अशा वाया जाणाऱ्या भागांपासून मिळतो असे धरून वजा केला की उरतात ३.१६ किलो.

या निबंधाचे मोल मोठे आहे. ‘पाळणे म्हणजे वाढवणे’ ही समजूत त्याने एका गुणाकाराने मोडली. तीन किलो मासे घालून एक किलो मासा काढायचा असेल तर समुद्रावरचा ताण कमी कसा होणार? शिवाय, सगळी मत्स्यशेती सारखी नसते, हेही लेखकांनी ठळकपणे मांडले. कार्प आणि शिंपले पाळणे वेगळे, सामन आणि कोळंबी पाळणे वेगळे. आपल्याकडच्या तळ्यातला रोहू आणि फियोर्डमधला सामन एकाच शब्दाखाली आणले की विचार गोंधळतो, हा धडा आजही तितकाच खरा आहे.

पण वरची मांडणी पुन्हा एकदा पाहा. तिच्यात तेल कुठे आहे? सामनच्या खाद्यात माशांचे तेल बरेच असते, आणि माशातून तेल निघते ते फिशमीलच्या मानाने फार थोडे. पुढच्या अभ्यासकांनी १०० किलो मासळीतून साधारण २२.५ किलो फिशमील आणि ५ किलो तेल निघते असे धरले. तेल हिशेबात घेतले की काय होते? २००६ सालासाठी टेकन आणि मेटियन या अभ्यासकांचे उत्तर आले ४.९. फिशमील उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतर्फे अँड्र्यू जॅक्सन यांनी मांडलेले उत्तर होते सुमारे १.७. मासा तोच आणि काळही जवळजवळ तोच. मग एवढा फरक का?

हे नॉर्वेतल्या अलीकडच्या खाद्यावरून समजून घेऊ. २०२० मध्ये तेथल्या सामनच्या खाद्यात सुमारे १२ टक्के फिशमील आणि १० टक्के माशांचे तेल होते. एक किलो सामनला १.३ किलो खाद्य धरले तर फिशमील लागते १५६ ग्रॅम आणि तेल १३० ग्रॅम. आता फक्त फिशमील मोजले तर मासळी लागते सुमारे ०.६९ किलो. फिशमील आणि तेल एकत्र मोजले, म्हणजे २८६ ग्रॅमला २७.५ टक्क्यांनी भागले, तर सुमारे १.०४ किलो. फक्त तेल मोजले तर २.६ किलो. वाया जाणाऱ्या भागांपासून मिळालेला हिस्सा वजा केला तर तिन्ही आकडे थोडे उतरतील. पण त्यांच्यातले अंतर राहीलच.

यांतले खरे उत्तर कोणते? विद्यार्थी हा प्रश्न विचारणारच. तेलावरून हिशेब करणारे म्हणतात की तेवढे तेल हवे तर २.६ किलो मासळी पकडावीच लागते. दुसरी बाजू म्हणते की त्या मासळीतले उरलेले फिशमील टाकून दिले जात नाही. ते कोळंबीला, कोंबड्यांना आणि डुकरांना जाते, मग त्याचा भार एकट्या सामनवर कशाला? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. गुणाकार-भागाकार कोणाचाच चुकलेला नाही. हिशेब कुठे सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा, हा निर्णय वेगळा आहे. हा निर्णय न सांगता नुसता आकडा सांगणे ही चूक मात्र दोन्हीकडून होते. आमच्या मते २००० च्या निबंधावरचा पहिला आक्षेप हाच. त्यातले आकडे उघडपणे मांडलेले होते, पण ३.१६ हा आकडा पुढे एकटाच जगभर फिरला.

२०२१ चा आढावा जास्त समतोल आहे. तो सांगतो की १९९७ ते २०१७ या काळात जगातले मत्स्यसंवर्धनाचे उत्पादन ३.४ कोटी टनांवरून ११.२ कोटी टनांवर गेले. पण फिशमील आणि तेलासाठी होणारी मासेमारी २.३ कोटी टनांवरून १.६ कोटी टनांवर उतरली. ही खरी सुधारणा आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. नॉर्वेत १९९० मध्ये सामनचे सुमारे ९० टक्के खाद्य समुद्रातून येत असे. २०२० मध्ये ते प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास आले. मांसाहारी मासा बराचसा शाकाहारी झाला म्हणायचा! अर्थात समुद्रातून उचललेला भार जमिनीवर ठेवला गेला. त्याच्या खाद्यातले सोयाबीन पुष्कळसे ब्राझीलमधून येते, आणि तिथल्या जमिनीचा प्रश्न फियोर्डपर्यंत येऊन पोहोचतो.

या आढाव्यातला सरासरीचा आकडा मात्र जपून वापरावा. सगळ्या गटांचे मिळून एक किलोला ०.२८ किलो मासळी, असा तो आकडा आहे. या सरासरीत कार्पसारखे थोड्या फिशमीलवर वाढणारे मासेही आहेत, आणि त्यांचे वजन प्रचंड आहे. कार्पच्या मितआहाराचे श्रेय सामनने घेऊ नये. २०२४ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात आलेल्या एका निबंधाने हिशेबातली गृहीते बदलून पाहिली, तेव्हा हेच गुणोत्तर ०.३६ ते १.१५ यांच्या दरम्यान निघाले.

इथवर झाला तो ताटातला हिशेब. आमचा मुख्य आक्षेप दुसऱ्या हिशेबाबद्दल आहे. तो हिशेब नदीचा.

पिंजऱ्याचे जाळे फाटते आणि मासे निसटतात. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एक पिंजरा कोसळला, आणि दोन लाखांहून जास्त अटलांटिक सामन पॅसिफिकच्या पाण्यात गेले. नॉर्वेत तर निसटलेला आणि नदीतला मासा एकाच जातीचे. ते एकत्र वितात. पिंजऱ्यातला सामन भराभर वाढावा म्हणून निवडून काढलेला. नदीत टिकण्याची परीक्षा त्याने दिलेलीच नसते. नॉर्वेतल्या इम्सा नदीवर झालेल्या आणि २००० मध्येच प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पाळीव माशांचे आयुष्यभराचे प्रजोत्पादनातले यश नदीतल्या माशांच्या १६ टक्केच भरले. म्हणजे निसटलेले मासे नदीची जागा आणि जोडीदार वापरतात, पण पुढची पिढी दुबळी देतात. २०१६ मध्ये नॉर्वेतल्या नद्यांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा तपासलेल्यांपैकी सुमारे निम्म्या समूहांत पाळीव माशांची जनुके मिसळल्याचे स्पष्ट झाले. मिसळलेली जनुके चाळून वेगळी काढता येत नाहीत.

दुसरी गोष्ट समुद्री उवांची. ऊ म्हटले तरी हा कीटक नाही. कोळंबीच्या दूरच्या नात्यातला हा कवचधारी परजीवी आहे. तो सामनची त्वचा खातो. नैसर्गिक स्थितीत, पिल्ले नदीतून समुद्राकडे निघतात तेव्हा किनाऱ्याजवळ मोठे सामन फारसे नसतात, म्हणून उवाही कमी असतात. पिंजऱ्यांत मात्र लाखो मासे बारा महिने त्याच वाटेवर उभे असतात. काही ग्रॅम वजनाच्या पिल्लाला थोड्याशा उवाही जीवघेण्या ठरतात. म्हणूनच नॉर्वेने २०१७ पासून किनाऱ्याचे १३ भाग पाडून सिग्नलसारखी हिरवा, पिवळा, लाल अशी पद्धत सुरू केली. नदीतली किती पिल्ले उवांनी मरतात, यावरून त्या भागात उत्पादन वाढवायचे की घटवायचे हे ठरते. नदीचा हिशेबही मोजता येतो, याचा हा पुरावा आहे.

तो मोजला तर काय दिसते? आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने डिसेंबर २०२३ मध्ये अटलांटिक सामनला ‘धोक्याच्या उंबरठ्यावर’ असलेल्या जातींत टाकले. २००६ ते २०२० या काळात त्याची संख्या २३ टक्क्यांनी घटली होती. जून २०२४ मध्ये परतणारे मासे इतके कमी आले की नॉर्वेने ऐन हंगामात ३३ नद्यांवरची सामनची मासेमारी बंद केली. सगळा दोष पिंजऱ्यांचा नाही. धरणे, प्रदूषण आणि तापणारा समुद्र ही कारणे आहेतच. पण ती असताना वर उवा आणि दुबळी जनुके यांचे ओझे घालणे कितपत शहाणपणाचे?

पहिल्या निबंधात निसटलेल्या माशांचा उल्लेख आहे. उत्तर अटलांटिकच्या काही भागांत पकडल्या जाणाऱ्या सामनपैकी ४० टक्क्यांपर्यंत मासे मूळचे पाळीव असतात, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्या निबंधातही रोग आणि परजीवी हे अजून न सुटलेले प्रश्न म्हणून मांडले आहेत. तरीही दोन्हींतून लोकांच्या लक्षात राहिले ते गुणोत्तर. उद्योगाने त्याच आकड्याला उत्तर दिले, आणि खाद्य खरोखर सुधारले. नदीच्या प्रश्नाला असा एका ओळीचा आकडा नव्हता, म्हणून तो मागे राहिला. खाद्यातली मासळी उद्या शून्यावर आली तरी फाटके जाळे फाटकेच राहील. ताटातला हिशेब सुधारला म्हणून नदीचा सुधारत नाही, हे वाक्य त्या आढाव्यात ठळक अक्षरांत हवे होते.

शिक्षकांना याचा उपयोग काय? आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची तारलीही फिशमीलच्या कारखान्यांत जाते आणि कोळंबीच्या खाद्यात पडते. तारली हे स्वस्त आणि सकस अन्न आहे. तेव्हा वरचा गुणाकार कोळंबीसाठी वर्गात करून घ्यावा. त्यानंतर आणखी दोन प्रश्न विचारावेत. या हिशेबात काय धरले नाही? आणि पाळलेल्या जीवाच्या आसपास राहणाऱ्या, न पाळलेल्या जीवांचे काय होते? सुरुवातीचे वाक्य मग वर्गातच दुरुस्त करून घेता येईल : काही मासे, काही ठिकाणी, काही रीतींनी पाळले तर समुद्रावरचा ताण कमी होतो. हे वाक्य लांब आहे, पण परीक्षेत ते लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण द्यायला आमची हरकत नाही.