एका महिन्याचे वाचन

पावसामुळे कुटुंबभेटी थंडावल्या आणि गेला महिनाभर वाचनास सवड लाभली. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (१८५७) व लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (पहिला भाग १९३४) आम्ही पाठोपाठ वाचली.

विधवांचे हाल पदमनजींनी इतक्या लवकर मांडले, हे लहान काम नव्हे. मात्र त्यांची पात्रे बोलू लागली की प्रवचनच करतात. (प्रवचन हे आमचे नित्यकर्म, त्यामुळे ते चटकन ओळखू आले!)

लक्ष्मीबाई प्रवचन करीत नाहीत. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हाचा आकांत, तो संताप, ती ताटातूट त्या झाकून ठेवीत नाहीत. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. तरी मागील दुःख त्या उणे करून दाखवीत नाहीत. सोवळेही एकाएकी सुटत नाही. आणि हे सारे हसत सांगतात! म्हणूनच त्यांची श्रद्धा आम्हांस अधिक खरी वाटली. आपल्याकडे श्रद्धेची कथा लिहिताना संशय आणि घरातील विरोध गाळण्याची रीत पडली आहे. प्रस्तुत त्रैमासिकातील लेखनही त्यास अपवाद नाही. 'स्मृतिचित्रे' घरोघरी मोठ्याने वाचावीत. 'यमुनापर्यटन' निदान विधवांच्या कहाण्यांपुरते तरी.