'दिवाली' रिडिम : सामायिक ठेका आणि स्वतंत्र स्वर

जमैकातील डान्सहॉल संगीतात 'रिडिम' म्हणजे गायकाच्या आवाजाविना सिद्ध केलेली, ताल आणि खर्ज यांची पार्श्वरचना होय. एकाच रिडिमवर अनेक कलावंत आपापली गीते ध्वनिमुद्रित करतात. मौलिकता हाच निकष प्रमाण मानणाऱ्या समीक्षेला ही प्रथा अनुकरणाची वाटण्याचा संभव आहे. २००२ मध्ये प्रसृत झालेल्या 'दिवाली' रिडिमच्या आधारे हा निकष तपासून पाहणे उद्बोधक ठरते.

स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेन यांच्या या रचनेच्या केंद्रस्थानी टाळ्यांचा, अपेक्षित मात्रेला हुलकावणी देणारा ठेका आहे. सुरावटीचा भार अत्यल्प असल्याने गायकास मोकळा अवकाश मिळतो. शॉन पॉल यांच्या 'गेट बिझी'मध्ये शब्द टाळ्यांना बिलगून धावतात आणि नृत्यासाठी स्त्रियांना नावानिशी साद घालतात. वेन वंडर यांच्या 'नो लेटिंग गो'मध्ये त्याच टाळ्यांवर स्वर संथपणे तरंगतो व प्रेमातील निष्ठा व्यक्त करतो. बाउन्टी किलर यांच्या 'सफरर'मधील जाडाभरडा आवाज वंचितांची व्यथा मांडतो आणि उत्सवी भासणारा ठेका तेथे अस्वस्थ करू लागतो. ठेका तोच राहतो. बदलतो तो आवाजाचा त्याच्याशी असलेला संबंध. मौलिकता येथे नवनिर्मितीइतकीच या संबंधात शोधावी लागते.

मे २००३ मध्ये 'गेट बिझी'ने अमेरिकेतील 'बिलबोर्ड हॉट १००' यादीत प्रथम स्थान मिळविले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या लुमिडी यांचे याच ठेक्यावरील 'नेव्हर लीव्ह यू' तिसऱ्या स्थानी पोहोचले. मात्र अशा यादीत गीत गायकाच्या नावे नोंदले जाते. रिडिमला आणि तो रचणाऱ्याला स्वतंत्र स्थान नसते. सामूहिक निर्मितीची अशी विभागणी झाली की तिचा पायाच नजरेआड होतो.

'दिवाली' या नावामुळे भारतीय अभ्यासकाला आपलेपणा वाटणे स्वाभाविक आहे. १८४५ पासून करारबद्ध भारतीय मजूर जमैकात पोहोचले, हेही खरे. तथापि केवळ नावावरून या ठेक्यावर भारतीय प्रभाव सिद्ध होत नाही. तसा दावा करणे म्हणजे यादीने झाकलेल्या जमैकन रचनाकाराचे श्रेय दुसऱ्यांदा हिरावणे ठरेल. म्हणून रिडिमची समीक्षा ठेका आणि कंठ या दोहोंच्या कर्तृत्वाची एकत्र दखल घेऊनच करावयास हवी.