निरोप आणि उलट निरोप

आमच्या लहानपणी नगरकडच्या खेड्यात निरोप्याला मान असे. लग्न ठरले, कोणी आजारी पडले, कोणी देवाघरी गेले, की एका विश्वासू माणसाला पहाटेच वाटेला लावीत. तो परगावी पोहोचला, की उंबऱ्यावरून निरोप फेकून माघारी वळत नसे. आत बसे, पाणी पिई, घरच्या म्हाताऱ्यांची विचारपूस करी आणि निघताना हटकून म्हणे, "मग काय सांगू तिकडे?" उलट निरोप घेतल्याशिवाय त्याचे काम पुरे झाले असे कोणीही मानीत नसे. नगर जिल्ह्यातील मिशनमध्ये राबणारे जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली कॅथोलिक कुटुंबांसाठी मासिक काढले आणि त्याला 'निरोप्या' हे नाव दिले. पुढे ते पुण्याचे बिशप झाले. त्या मासिकाच्या नावात धार्मिक लेखनाची एक मोठी कसोटी दडलेली आहे असे आम्हांला वाटते, आणि प्रस्तुत लेखात ती आजच्या लेखनास लावून पाहण्याचा विचार आहे.

आज युवकांमध्ये काम करणारे धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक कार्यकर्ते लिहू लागले आहेत. पूर्वी मासिकाच्या संपादकाकडे लेख पाठवून महिनोन्महिने वाट पाहावी लागे. आता रात्री सुचलेला विचार सकाळच्या मिस्साआधी शेकडो तरुणांच्या मोबाईलवर पोहोचलेला असतो. ख्रिस्तसभेने या साधनांना कधी झिडकारले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली संपर्कसाधनांवर स्वतंत्र आदेशपत्र काढले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१० च्या जागतिक संपर्कदिनाचा संदेश तर खास धर्मगुरूंना उद्देशून लिहिला आणि नव्या साधनांच्या जगात शब्दसेवा करण्यास त्यांना बोलावले. त्या संदेशातील एक सूचना आम्हांला फार मोलाची वाटते: तंत्रातील कौशल्याहून धर्मगुरूचे हृदय, ख्रिस्ताशी असलेली त्याची जवळीक, अधिक जाणवली पाहिजे.

तरीही एक उणीव नम्रपणे नोंदवावीशी वाटते. त्या संदेशात धर्मगुरू मुख्यतः देणारा आहे; वाचक घेणारा. देणारा चुकेल, घेणारा काही परत पाठवील, त्यामुळे देणाऱ्याला आपले शब्द बदलावे लागतील, ही शक्यता तेथे पुरेशी उमटत नाही. तेरा वर्षांनी, २०२३ साली, व्हॅटिकनच्या संपर्कविभागाने याच विषयावर चिंतनपत्र काढले आणि त्याची मांडणी दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर केली. ऐकणे, थांबणे, जखमी माणसाजवळ जाणे यांना त्यात अग्रस्थान आहे. हा बदल आम्हांला स्वागतार्ह वाटतो. किंबहुना ही आपल्या परंपरेत मुळातच असलेल्या गोष्टीची आठवण आहे.

संत पौलाचेच पाहा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात विवाहाविषयीचा सारा भाग, त्यांनी लिहून विचारलेल्या गोष्टींना उत्तर म्हणून येतो. आपण वेदीवरून वाचतो ते उत्तर. प्रश्नांचे पत्र काळाच्या ओघात हरवले. पण प्रश्न नसते तर उत्तरही नसते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ कसा जन्मला, ते त्यांनी आरंभीच सांगितले आहे. साष्टीच्या देवमंदिरात मुलांना धर्मशिक्षण चालू असता एक नवख्रिस्ती उठतो आणि म्हणतो, की आमची जुनी पुराणे गेली, आता आम्ही वाचावे काय? आम्हांला आमच्या भाषेत एखादे पुराण का देत नाही? परदेशी गुरूने त्या प्रश्नाचा राग धरला नाही. तो ओवी शिकला. शुद्ध मराठी सामान्य जनांना कळत नाही हे ध्यानी घेऊन त्याने कठीण शब्द टाळले आणि तेथील बोलीतले सोपे शब्द मिसळले, हेही त्याने प्रस्तावनेत नमूद केले आहे. आमच्या मते मराठी ख्रिस्ती साहित्याचा पाया एका श्रोत्याच्या तक्रारीवर उभा आहे, आणि त्याची लाज वाटण्याचे काही कारण नाही.

लेखक आणि पत्रकार यांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स यांची कथा बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. १५९४ साली शाब्ले प्रांतात गेल्यावर लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा त्यांनी पत्रके लिहून ती दारांच्या फटींतून आत सरकवली. युवकसेवेच्या शिबिरांत ही कथा नेहमी सांगितली जाते, पण अर्धीच. ती पत्रके सरकवणारा माणूस हिवाळ्यात त्याच वाटांवरून पायी हिंडत होता. पत्रक वाचून कोणाला भेटावेसे वाटले तर तो सापडत होता. त्यांचे १६०९ सालचे भक्तिमार्गावरील प्रसिद्ध पुस्तकही मुळात एका संसारी स्त्रीला मार्गदर्शन म्हणून लिहिलेल्या पत्रांतून आणि टिपणांतून आकारास आले. एका माणसासाठी लिहिलेले पुढे लाखोंनी वाचले. लाखोंसाठी म्हणून लिहिलेले एकाच्याही कामी येत नाही, असा अनुभव मात्र आम्हांला अनेकदा आला आहे.

आपल्या भाषेत आणि आपल्या काळात या कसोटीला उतरलेला धर्मगुरू-लेखक कोण, असे कोणी विचारले तर आम्ही वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव घेऊ. १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे त्यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले. धर्मग्रामाच्या चार भिंतींत वाचले जाणारे मासिक त्यांनी अवघ्या मराठी वाचकांसमोर नेले. अन्य धर्मांच्या लेखकांना त्यात स्थान मिळाले, सामाजिक प्रश्नांना पाने मिळाली. काही श्रद्धावंतांची कुरकुरही आम्ही त्या काळी ऐकली आहे: आमच्या मासिकात पाण्याचा आणि जमिनीचा विषय कशाला? तिला उत्तर लेखातून मिळाले नाही, रस्त्यावर मिळाले. वसईची शेती, विहिरी आणि वाड्या वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत संपादक स्वतः पुढे होते. जे लिहिले त्याची किंमत मोजण्याची तयारी वाचकाला दिसली. म्हणून तो वाचक, ख्रिस्ती असो वा नसो, त्यांच्या शब्दाजवळ थांबला.

त्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथे (आजचे धाराशिव) भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. हा मान मिळवणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीला विरोध झाला, प्रकृतीही साथ देत नव्हती. तरी ते गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा शोक केवळ चर्चमध्ये झाला नाही.

स्तुती येथे थांबवून समीक्षकाचे कर्तव्यही केले पाहिजे. फादर दिब्रिटो यांच्या गद्यात प्रवचनकार कधीकधी लेखकाला बाजूला सारतो. एखादे व्यक्तिचित्र रंगात आले असता बोध अगोदरच हजर होतो आणि वाचकाला स्वतः काही शोधण्याचा आनंद उरत नाही. शिवाय त्यांचा वाचक बहुधा घरंदाज, शिकलेला, ग्रंथांशी ओळख असलेला आहे. पाळीवरून परतून बूट न काढताच खाटेवर आडवा होणारा बावीस वर्षांचा मुलगा त्यांच्या पानांत क्वचितच वाचक म्हणून गृहीत धरलेला असतो. हा दोष म्हणण्यापेक्षा मर्यादा म्हणावी. पण आज लिहू पाहणाऱ्या युवक-कार्यकर्त्याने ती ओळखली पाहिजे, कारण नेमका तोच मुलगा त्याच्या वाट्याला आला आहे.

आता त्या कार्यकर्त्याच्या लेखनाकडे वळू. गेल्या काही वर्षांत असे बरेच लेखन आमच्या वाचनात आले. हेतू निर्मळ, परिश्रम मोठे, हे आधीच मान्य. परंतु पुष्कळसे लेखन इंग्रजीतून उचललेले आणि घाईने मराठीत उतरवलेले असते. वाक्य आपले नाही हे पहिल्या ओळीतच कळते. सूर्योदयाचे चित्र, त्यावर एक वचन, खाली लिहिणाऱ्याचे नाव आणि छायाचित्र. हळूहळू वचन लहान होत जाते आणि छायाचित्र मोठे. किती जणांनी पाहिले याचा आकडा रोज समोर दिसतो आणि मन त्याला चिकटते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदी घोषित झालेल्या कार्लो अ‍ॅक्युटिस या मुलाचा आदर्श अनेकजण सांगतात. पंधराव्या वर्षी वारलेल्या त्या मुलाने संगणकावर काय केले हे मात्र पाहिले जात नाही. पवित्र मिस्साशी निगडित चमत्कारांची चिकाटीने नोंद करून त्याने ती लोकांपुढे ठेवली. त्यात त्याचे स्वतःचे कौतुक नव्हते.

हे लिहीत असताना वाचक आम्हांला विचारतील, की तुम्ही स्वतः काय केलेत? प्रश्न रास्त आहे. शिरूर तालुक्यातील कारेगाव आज गाव राहिलेले नाही आणि शहरही झालेले नाही. पुणे-अहिल्यानगर रस्त्यालगत रांजणगावची औद्योगिक वसाहत आली आणि शेतांच्या कडेला भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. आमच्या माहितीची मुले तेथे राहतात. कोणी नगरकडचा, कोणी जालन्याचा, दोघेतिघे झारखंडचे, ज्यांना मराठी आता कुठे समजू लागली आहे. एका खोलीत चौघे, तीन पाळ्या, काम कंत्राटी. रविवारचा मिस्सा त्यांना क्वचित मिळतो, कारण सुट्टी ज्याची त्याची वेगळ्या वारी. त्यांच्यासाठी आम्ही दर शनिवारी मोबाईलवर एक चिंतन पाठवू लागलो. पानभर असे, व्याकरण शुद्ध असे. उत्तरादाखल हात जोडलेली चित्रे येत. आम्ही संतुष्ट होतो.

पाच-सहा महिन्यांनी एका खोलीत प्रार्थनेसाठी गेलो असता एक मुलगा चहा देताना म्हणाला, "फादर, तुमचं आम्ही वाचतो. पण तुम्ही आम्हांला कधी काही विचारत नाही." त्या वाक्याने आमच्या सेमिनरीतल्या साऱ्या प्रवचनशास्त्राची परीक्षा घेतली. पुढच्या शनिवारी आम्ही चिंतन पाठवलेच नाही. तीन ओळी लिहिल्या: या आठवड्यात कोणाला कशाची भीती वाटली? उत्तरे रात्री दोनला, पहाटे पाचला, पाळी सुटल्यावर येऊ लागली. गावी पैसे पाठवता आले नाहीत याची भीती. यंत्रावर बोट गेले त्या सोबत्याची आठवण. एकाने विचारले, की रविवारी कामावर असतो हे पाप लिहून ठेवले जाते काय? जे कामामुळे खरोखरच येऊ शकत नाहीत त्यांच्यावर ते बंधन लागू होत नाही, हे आम्ही त्याला सांगितले. पण इतकी वर्षे हा मुलगा ते ओझे घेऊन फिरत होता आणि आम्ही मात्र त्याला सद्गुणांवर पानभर चिंतने पाठवीत होतो. त्यानंतर आमचे लेखन आखूड झाले, आणि आमच्या मते बरेही झाले. झारखंडच्या मुलांसाठी त्यांच्यातलाच एक सोपे करून सांगतो. स्टीफन्सगुरूंची आठवण तेव्हा हटकून होते.

येथेच थांबलो असतो तर हा लेख आमच्या यशाची कथा ठरला असता. गेल्या उपवासकाळातील एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. कंत्राट संपून काम गेलेल्या एका मुलाने एका मंगळवारी आम्हांला लिहिले. चारच ओळी होत्या: खोलीचे भाडे थकले आहे, घरी सांगितलेले नाही, झोप येत नाही, तुम्ही बोलाल का? आम्ही वार्षिक मौनसाधनेस गेलो होतो आणि मोबाईल बंद होता. मौनसाधना धर्मगुरूला आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु जाण्यापूर्वी, आठ दिवस आम्ही नाही, तोवर अमक्याला लिहा, एवढे तरी त्या मुलांना कळवायला हवे होते. प्रश्न विचारण्याची सवय आम्हीच लावली होती. तो मजकूर आम्ही नवव्या दिवशी वाचला.

त्याच दुपारी कारेगावला गेलो. खोलीत दुसरी मुले राहायला आली होती. घरमालक सज्जन गृहस्थ. त्यांनी सांगितले, की मुलगा राहिलेले भाडे चुकते करून गेला, बहुधा सुप्याकडे काम लागले असावे. नंबर तोच आहे. आम्ही फोन केला, त्याने उचलला नाही. क्षमा मागणारे चार शब्द लिहून पाठवले. तो ते वाचतो, हे मोबाईलवरील खुणांवरून कळते. आता दर शनिवारी आम्ही त्याला वेगळे लिहितो, इतरांना पाठवतो ते नव्हे. दोन-तीन ओळी, आणि शेवटी आमच्या इथल्या मिस्साची वेळ. त्याचा उलट निरोप अद्याप आलेला नाही.