झाडीपट्टीच्या नावाने नाट्यगृह: कुणासाठी आणि कुठे?

ऑपेरा हाउस म्हटलं की आपल्याकडच्या बहुतेकांना मुंबईतला एक बसस्टॉप आठवतो. (हशा) हसू नका, त्या हशातच आजच्या व्याख्यानाचा अर्धा मुद्दा आहे. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस 1911 मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उघडलं तेव्हा त्याचं काम पुरतं झालेलंही नव्हतं. इमारत देखणी, पण शहरात स्वतःची ऑपेरा मंडळी नव्हती. मग काय, बाहेरून येणारे खेळ, आपली नाटकं, पुढे सिनेमा. 1993 ला कुलूप लागलं आणि 2016 मध्ये दुरुस्ती होऊन दारं पुन्हा उघडली. मधल्या काळात नाव फक्त वस्तीला उरलं.

आता उलटी बाजू बघा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या झाडीपट्टीत, दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात. त्यात गाणी असतात, वादक समोर बसलेले असतात, वन्समोअर पडतो. गाण्यातून पुढे सरकणारं नाटक आणि रंगमंच व प्रेक्षक यांच्यामध्ये बसलेला वाद्यवृंद, ही ऑपेराची साधी व्याख्या धरली तर 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' पुण्यात उभं केलं तेव्हापासून आपल्याकडे आपला ऑपेरा आहे. पुण्या-मुंबईत तो आता महोत्सवापुरता उरला. झाडीत तो बदलला, त्यात सिनेमाची चाल शिरली, लावणी शिरली, पुष्कळदा नको तितकी शिरली, पण तिकीट काढून बघितला जातो. मुंबईला घर होतं, मंडळी नव्हती. आपल्याकडे मंडळ्या आहेत, घर नाही.

म्हणून दर हंगामात कुठल्या ना कुठल्या उद्घाटनाला भाषण होतं की झाडीपट्टीला शहराच्या मध्यभागी भव्य, वातानुकूलित नाट्यगृह पाहिजे. टाळ्या पडतात. माझा आक्षेप नाट्यगृहाला नाही. 'शहराच्या मध्यभागी' आणि 'भव्य' या दोन शब्दांना आहे.

आधी धंदा समजून घेऊ, कारण नकाशा काढणाऱ्याला तो सहसा कुणी सांगत नाही. कंपनी वडशाची, म्हणजे देसाईगंजची. तिथे कंपन्यांची कार्यालयं आहेत, बाहेर फलक लागलेले असतात. गावचं मंडळ तिथे येतं, नाटक आणि तारीख ठरवतं, ठरलेली रक्कम कबूल करतं. कलावंत 'नाईट'वर काम करतात. तिकिटं गाव विकतं, तोटा आला तर गाव सोसतं, नफा झाला तर काही मंडळं तो शाळेला, देवळाला लावतात. कंपनी ट्रकमध्ये पडदे, दिवे, माईक घालून जाते आणि धान कापलेल्या बांधीत रंगमंच उभा राहतो. थोडक्यात काय, प्रेक्षक नाटकाकडे जात नाही, नाटक प्रेक्षकाकडे जातं. आणि जोखीम हजारभर लहान मंडळांत वाटली जाते असं म्हटलं तरी चालेल, आकडा शब्दशः घेऊ नका.

शहरात नाट्यगृह बांधलं की हा व्यवहार उलटा होतो. भाडं कंपनीने भरायचं, तिकिटं कंपनीने खपवायची. कुरखेड्याच्या किंवा सिंदेवाहीच्या आतल्या गावातला माणूस नाटकासाठी चंद्रपूरला येईल? आला तर परत कसा जाईल? रात्री एसटी नाही आणि रस्ता जंगलातून. ब्रह्मपुरीकडचे लोक इथे बसले असतील, त्यांना वाघाचं मी काय सांगावं. नाटक पहाटेपर्यंत का चालतं यावर पुष्कळ रसिक चर्चा होते. मला वाटतं त्यातलं एक कारण अगदी साधं आहे: उजाडेपर्यंत माणसांना एका जागी, उजेडात, एकत्र बसता येतं. तीन तासांत पडदा पाडणाऱ्या सभागृहाला हे कळायचं नाही.

शिवाय नाटक एकटं येत नाही. मंडई असते, शंकरपट असतो. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, 2023 मध्ये घटनापीठाने ती कायम ठेवली. पट पुन्हा सुरू झाला तेव्हा नाटकवाल्यांनाही आनंद झाला, कारण दिवसा पट आणि रात्री नाटक ही जोडी आहे. लेकी-जावई येतात, पाहुणचार होतो, सोयरिकी जुळतात. हे सगळं तिकिटावर छापलेलं नसतं, पण तिकीट खपतं त्याच्या जोरावर.

कुणी म्हणेल, लोककलेला पक्कं घर बांधूच नये असं तुमचं म्हणणं दिसतं. तसं नाही. कोल्हापूर बघा. शाहू महाराजांनी 1915 मध्ये पॅलेस थिएटर उभं केलं, पुढे त्याला केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. ते कुठे बांधलं? खासबाग कुस्ती मैदानाला लागून. दिवसा कुस्ती बघणारा माणूसच रात्री नाटकाला येणार, हे त्या राजाला ठाऊक होतं. म्हणून 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं तेव्हा सगळं शहर हळहळलं. आमच्या भाषणांतल्या नाट्यगृहाच्या शेजारी काय असतं? वाहनतळ आणि फूड कोर्ट.

आता चंद्रपूरच्या मध्यभागाबद्दल. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर, या चार दरवाजांच्या आतलं शहर म्हणजे गोंडकालीन परकोट. तो संरक्षित स्मारक आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर कायदा सांगतो की अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. परकोट शहराला वेढून गेलाय. त्यात हजार खुर्च्या, ट्रक मागे घ्यायची जागा आणि गाड्या कुठे बसवणार? आणि चंद्रपुरात प्रियदर्शिनी सभागृह आहेच. राज्य नाट्य स्पर्धा तिथे होते, तिचा प्रेक्षक वेगळा, त्याला माझा नमस्कार. तसलंच दुसरं बांधून त्यावर 'झाडीपट्टी' लिहायचं असेल तर पाटी रंगवायचाच खर्च करा.

इमारत मोठी झाली की नाटकच तिच्यात मावत नाही, याचं उदाहरण जगाला ठाऊक असलेल्या ऑपेरा हाउसचंच आहे. सिडनी. 1957 मध्ये उत्झनचा आराखडा निवडला, अंदाज 70 लाख डॉलरचा. 1973 मध्ये उघडलं तेव्हा खर्च 10 कोटी 20 लाखांवर गेलेला, तोही बराचसा लॉटरीतून उभा केलेला आणि उत्झन 1966 मध्येच काम सोडून गेलेले. सगळ्यात गमतीची गोष्ट पुढे आहे. मोठं दालन शेवटी वाद्यमैफलीला दिलं आणि ऑपेरा धाकट्या दालनात ढकलला, जिथे वादकांचा खड्डा इतका अपुरा की तक्रार पुढे वर्षानुवर्षं चालली. बाहेरून शिंपले जगप्रसिद्ध, आत ऑपेरा कोंबून बसवलेला. कारण उघड आहे: आत काय करायचं हे बांधकाम सुरू झाल्यावर बदललं.

आपल्याकडे तर ते ठरवतच नाहीत, 'बहुउद्देशीय' म्हणतात. लग्न, मेळावा, शपथविधी, मधूनमधून नाटक. वाद्यमैफलीला आवाज साधारण दोन सेकंद रेंगाळलेला चालतो, संवादाला एक सेकंदाच्या आसपास, गाण्याच्या नाटकाला त्याच्या मधलं काहीतरी. सगळ्यांसाठी बांधलेलं सभागृह कुणालाच नीट ऐकू येत नाही, मग भिंतीएवढे स्पीकर लावतात. झाडीच्या नाटकात प्रॉम्प्टर बसतो. त्याची जागा कुठल्या आराखड्यात कुणी पाहिलीय? मी नाही पाहिली.

एक मुद्दा मात्र माझ्या विरोधात जातो आणि तो जड आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकारला वर्षातले फार तर 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. बंदिस्त सभागृहाला ही अडचण नाही. म्हणजे रात्रभराचं झाडीचं नाटक कायद्याच्या नजरेत परवानगी देणाऱ्याच्या मर्जीवर उभं आहे आणि शहरी सभागृह सुरक्षित. नाट्यगृहाची मागणी करणाऱ्या काही निर्मात्यांच्या मनात हीच धास्ती आहे आणि ती मी खोटी म्हणणार नाही. पण यावर उपाय काय? गावची नाटकं उचलून एका छपराखाली आणायची, की हंगामापुरती, गावानुसार, आवाजाची मर्यादा घालून वेगळी तरतूद मागायची? पहिला उपाय कंत्राटदाराला सोयीचा आहे. दुसऱ्यासाठी नियमच बदलून घ्यावा लागेल, मुंबई-दिल्लीला भांडावं लागेल आणि त्याचं फीत कापून उद्घाटन होत नाही.

मग घर बांधायचंच तर वडशाला बांधा. कंपन्या तिथे, रेल्वे तिथे. पण प्रेक्षागार शेवटी काढा, आधी बाकीचं काढा. तालमीच्या चार-पाच खोल्या, कारण हंगामाआधी सगळ्यांची तालीम एकदमच असते. पडदे रंगवायची उंच शेड. ट्रक थेट आत येईल असं दार. बाहेरगावच्या नट्यांना राहायला सुरक्षित, कुलूप लागणाऱ्या खोल्या. यावर भाषणात कुणी बोलत नाही, म्हणून मी मुद्दाम बोलतोय. आणि संहितांचं कपाट. 2023 मध्ये परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली, आपण सगळे खूश झालो. पण त्या पिढीने केलेल्या नाटकांच्या वह्या कुठे ठेवायच्या? मूळ लेखकाच्या घरी वाळवी लागेपर्यंत? आणि यानंतर, पैसे उरले तर, तीन-चारशे माणसांचं प्रेक्षागार, वादकांच्या नीट जागेसह, जिथे गावची मंडळं हंगामाआधी येऊन नवं नाटक बघतील आणि मग तारीख ठरवतील.

गडचिरोलीच्या दक्षिणेकडे, एटापल्ली-भामरागडात, हा सगळा प्रकार वेगळा आहे. तिथे माडिया गाणं-नाच आहे, त्याला रंगमंचच लागत नाही. त्यांच्या नावावर वडशाचा खर्च दाखवू नये, एवढंच आज सांगतो.

आराखड्याची निविदा काढण्याआधी एक काम स्वस्तात होण्यासारखं आहे. या दिवाळीपासून होळीपर्यंत दोन माणसं वडशाच्या कंपन्यांच्या तारखांच्या वह्या घेऊन बसवा. कुठलं गाव, किती तिकिटं, ट्रक किती लांब गेला, पहाटे किती वाजता पडदा पडला, परवानगीला किती खेपा घातल्या. ती वही वास्तुरचनाकाराच्या टेबलावर ठेवा. बसा, आता प्रश्न घेऊ.