गॉडफादरची आई

अनोळखी माणसाशी बोलणं काढायचं तर त्याच्या मुलखाबद्दल दोन बरे शब्द बोलावेत, असं आमच्या घरात शिकवलेलं. त्यामुळे काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीला पुतण्याकडे गेलो असताना, कुंपणापलीकडे टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधणारे आजोबा मूळचे इटालियन आहेत असं कळल्याबरोबर मी तोंडभर हसून म्हणालो, "मी 'गॉडफादर' सात वेळा पाहिलाय!"

आजोबांनी सुतळीचा गुंडा खाली ठेवला. माझ्याकडे नीट पाहिलं आणि अगदी सभ्यपणानं विचारलं, "तुम्ही इंडियातले ना? मग नाग घरात ठेवता की अंगणात?"

आमची ही मागे उभी होती, ती फस्सकन हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या बाजूनं हसायची सवय तिला काही लागलेली नाही.

पुढच्या अर्ध्या तासात कळलं ते असं. वडील गवंडी, आजोबांनी स्वतः छत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेलं, आणि आईनं रविवारी मारलेल्या कोंबड्या सोडल्या तर घराण्याच्या नावावर एकही खून नाही. तरी नवा माणूस भेटला की तिसऱ्या वाक्याला 'गॉडफादर' येतोच. "तुम्ही पहिल्याच वाक्याला आणलात," आजोबा म्हणाले. "वेळ वाचला."

दुसऱ्या दिवशी कुंपणावरून टोमॅटोची टोपली आली. तिच्यावर एक जुनं, पानं सुटत आलेलं पुस्तक होतं. मारिओ पुझोची 'द फॉर्च्युनेट पिलग्रिम' ही १९६५ सालची कादंबरी. होय, तोच 'गॉडफादर'वाला पुझो. "तो सात वेळा पाहिलात ना? हे एकदा वाचा," असा निरोप पुतण्यामार्फत आला.

वाचलं. त्या सुट्टीत नायगारा पाहायचा राहिला, पण हे वाचून झालं.

गोष्ट न्यू यॉर्कच्या दहाव्या ॲव्हेन्यूवरची, १९२८ पासून पुढची. त्या रस्त्यावरून त्या काळी चक्क मालगाड्या जात. गाडीखाली कोणी येऊ नये म्हणून इंजिनापुढे घोड्यावर बसून, हातात कंदील धरून एक पोरगा चालत असे. कादंबरीची सुरुवातच या घोडेस्वारानं होते. पण हा काही वीरपुरुष नव्हे. हा लुचिया सांताचा थोरला मुलगा, पगार आईच्या हातात आणून देणारा. खरी कादंबरी त्या आईची. दोन लग्नं, सहा मुलं. पहिला नवरा मेलेला, दुसऱ्याला वेड लागून इस्पितळात ठेवावं लागलेलं. एक मुलगा पुढे रेल्वेच्या इंजिनाखालीच जातो. संध्याकाळी फुटपाथवर खुर्च्या टाकून गल्लीतल्या बायका बसतात आणि साऱ्या जगाचा पंचनामा करतात. आपल्या चाळीच्या गॅलरीत नळाची वेळ होईपर्यंत चालणारं अधिवेशन ज्यांनी ऐकलंय, त्यांना यातलं एकही पान परकं वाटायचं नाही.

कादंबरी निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. दु:ख आलं की पुझो ढोल वाजवतो. जिथे एक उसासा पुरला असता तिथे तो अर्धं पान घेतो. आणि आई पानात आली की बाकीची माणसं कोपऱ्यात अंग चोरून उभी राहतात. पण ही बाई गोड नाही, हे फार मोठं आहे. ती हिशेबी आहे, तोंडाची तिखट आहे, मुलांच्या स्वप्नांवर पाणी ओततानाही मागेपुढे पाहत नाही. कारण स्वप्नांचं भाडं कोणी भरायचं, हे तिला पाठ आहे. साहित्यातल्या आया वाचून आपल्याला फुलवातीची सवय झालेली. ही चुलीतलं लाकूड आहे.

समीक्षकांनी पुस्तकाची स्तुती केली. पैसे मिळाले नाहीत. पुझो पंचेचाळिशीचा, डोक्यावर वीस हजार डॉलरचं कर्ज. पुढे त्यानंच लिहून ठेवलंय की, या कादंबरीत माफियाचं प्रकरण जरा जास्त असतं तर खपली असती, असं प्रकाशनसंस्थेतल्या एका संपादकानं त्याला सुनावलं. मग त्यानं ते जरा जास्त घातलं. १९६९ मध्ये 'गॉडफादर' आला, खपाचे डोंगर झाले, कर्ज फिटलं. आणि ते लिहिण्यापूर्वी या गृहस्थाला एकही खराखुरा गुंड भेटलेला नव्हता! सगळं वाचून-शोधून लिहिलेलं, हेही त्यानंच कबूल केलंय. आणि डॉन? डॉन तोंड उघडायचा तेव्हा मला माझ्या आईचा आवाज ऐकू यायचा, असं तो सांगे.

हे वाचल्यावर मी सिनेमा आठव्यांदा पाहिला. या वेळी डॉनच्या खुर्चीत लुगडं नेसलेली आई बसवून. विश्वास बसणार नाही, कुठे टाकासुद्धा उसवत नाही! उपकार कोणी केला, कोणी विसरला, याची डोक्यात ठेवलेली खातेवही. आवाज न चढवता दिलेली तंबी. रस्त्यावर स्वतः एकेक फळ निवडून घेणं. हा गुंडांचा सरदार नव्हे, ही वाटीभर साखर उसनी नेणाऱ्या शेजारणीला दहा वर्षांनी बरोब्बर आठवण करून देणारी आपली आजी आहे. आपण त्या माणसाला भितो कमी आणि ऐकतो जास्त, ते यामुळे.

आणि म्हणूनच मला तो सिनेमा जरा कमी आवडू लागला. कारण आईची जीभ डॉनला दिल्यावर आईपाशी उरलं काय? सिनेमातली मिसेस कॉर्लिओनी लग्नात एक गाणं म्हणते, पुढे जवळजवळ गप्पच. शेवटी तर सुनेच्या तोंडावर दारच लावून घेतात. जिनं घर चालवलं, तिचं शहाणपण पिस्तुलवाल्याच्या नावावर चढवलं. आजोबांची तक्रार होती की आम्हांला गुंड केलं. माझी त्यात एवढीच भर, की गुंडाला तुमची आई केलं.

अर्थात त्यांच्या तक्रारीमागे बरंच आहे. १८९१ साली न्यू ऑर्लिन्सला पोलिसप्रमुखाच्या खुनाचा खटला चालला, ज्यूरीनं कुणालाच दोषी ठरवलं नाही, तर दुसऱ्या दिवशी जमावानं तुरुंगात घुसून अकरा इटालियनांना ठार मारलं. शहराच्या महापौरांनी त्याची माफी मागितली २०१९ साली. अभिमानासाठी या लोकांनी कोलंबस धरला. तो आपल्याकडे यायला निघालेला आणि वाट चुकलेला! २०२० मध्ये अमेरिकेत त्याचे कित्येक पुतळे उतरवले गेले. बदनामीविरुद्ध १९७० मध्ये जोरदार संघटना निघाली, तिनं 'गॉडफादर'च्या पटकथेतून 'माफिया' हा शब्दच काढायला लावला. मूळ पटकथेत तो होताही जेमतेम. आणि संस्थापक कोण, तर जो कोलंबो, न्यू यॉर्कच्या पाच माफिया टोळ्यांपैकी एकीचा म्होरक्या! १९७१ च्या जूनमध्ये त्याला स्वतःच्याच सभेत गोळ्या घातल्या. गणिताच्या मास्तरांनी अब्रू राखायची कशी, सांगा.

हसतोय मी, पण 'धर्मात्मा'पासून इकडेही तेच चाललंय. २००५ मध्ये 'सरकार' आला, अमिताभ बच्चन सुभाष नागरे झाला, म्हणजे डॉन मराठी! मी थिएटरात ताठ बसलो होतो. हिंदी सिनेमात आजवर आम्ही हवालदार, आमच्या बायका पदर खोचून भांडी घासणाऱ्या. त्यापेक्षा खुनी का होईना, पण माणूस खुर्चीत बसलेला होता. ही खुशी मी आजोबांपाशी बोललो नाही. सोनीचं काम करणारा जेम्स कान ज्यू होता आणि तरी न्यू यॉर्कमध्ये त्याला दोनदा 'इटालियन ऑफ द इयर' केलं, असं तोच सांगे. त्याला निवडणाऱ्यांना माझी खुशी कळली असती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पुतण्याच्या टीव्हीवर 'गॉडफादर'च चालू होता. आजोबा टोपली न्यायला आले आणि दारातच थबकले. मी घाईघाईनं रिमोट शोधू लागलो. पडद्यावर जाडा क्लेमेंझा मायकेलला वीस माणसांचा सॉस कसा करायचा ते शिकवत होता. टोमॅटो झाले, मीटबॉल झाले, थोडी वाइन, आणि चिमूटभर साखर.

"साखर!" आजोबा ओरडले. "माझ्या आईनं कालथा फेकून मारला असता!"

मग टोपली मांडीवर घेऊन सोफ्यावर बसले. रिमोट सापडला होता, पण त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि आवाज वाढवला.