चाल आणि चरण



गेल्या कार्तिकी एकादशीच्या रात्री संगमनेरातल्या आमच्या भजनात वाद झाला. देवाच्या दारातले वाद काही नवे नाहीत. पण हा वाद एका चालीवरून झाला, दोन टाळकरी टाळ खाली ठेवून उठून गेले, आणि निवाडा करण्याचे काम वयाने वडील म्हणून माझ्याकडे आले. तो निवाडा मला त्या रात्री करता आला नाही. तेव्हापासून जे मनात घोळते आहे ते वाचकांपुढे ठेवतो.

झाले असे. आमच्यात एक विशीतला मुलगा पेटी वाजवतो. गळा चांगला, सूर पक्का. त्याने तुकोबारायांचा एक अभंग गाजलेल्या चित्रपटगीताच्या चालीत बसवला होता. सुरू केल्याबरोबर बाहेर उभी असलेली पोरे आत आली, टाळ्या पडू लागल्या. मंडप असा भरलेला मी पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता. आणि नेमक्या त्याच वेळी आमचे जुने टाळकरी उठले. त्यांचे म्हणणे एवढेच, की शब्द तुकोबांचे असले म्हणून काय झाले, चाल कोणाची आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुलाचे म्हणणे, की शब्द तर तुकोबांचेच आहेत ना, मग चालीचा एवढा सोस कशाला?

गंमत पाहा. शब्द मोठा असे मुलगा म्हणत होता, आणि चाल मोठी असे म्हातारे. एरवी आपण उलटे समजतो.

मी दोघांना थांबवले आणि मुलाला म्हटले, ‘बाळा, पेटी बाजूला ठेव आणि हाच अभंग नुसता बोलून दाखव.’ तो दुसऱ्या चरणाला अडखळला. म्हातारे हसले. तेव्हा त्याने नम्रपणे विचारले, ‘बाबा, तुम्ही म्हणता का?’ मी सुरुवात केली आणि तिसऱ्या चरणाला मीही थांबलो! चाळीस वर्षे गातो आहे तो अभंग. मनातल्या मनात जुनी चाल गुणगुणली तेव्हा कुठे पुढचे शब्द आले. म्हणजे माझ्याजवळ शब्द होते ते चालीच्या गाठोड्यात बांधलेले. गाठ सोडली तर हाती काय राहते, हे मी कधी पाहिलेच नव्हते. त्यातल्या एका शब्दाचा अर्थही मला धड सांगता आला नाही, हेही कबूल करतो.

तेव्हा चालीला कमी लेखण्याचा अधिकार निदान मला तरी नाही. आपल्या संप्रदायातली कितीतरी माणसे अक्षरओळख नसताना शेकडो अभंग पाठ म्हणत आली. जात्यावर बसणाऱ्या आयाबायांनी ओव्या कागदावरून घेतल्या नाहीत; दळणाच्या लयीतून त्या त्यांच्या तोंडी बसल्या.

आता मूळ प्रश्न. गाणे आवडते ते शब्दामुळे की सुरामुळे? आमच्या प्रवरेच्या काठी या प्रश्नाला फार जुने उत्तर आहे. संगमनेरहून ही नदी पूर्वेला वाहत नेवाशाला जाते, आणि तेथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी झाली. अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे ज्ञानोबाराय आपल्याच ओवीविषयी बोलतात. ती गायली तर शोभतेच, पण गाण्यावाचूनही तिचा रंग दिसतो, असा त्यांचा भाव आहे. दृष्टान्त दिला आहे वसंतातल्या मोगऱ्याचा. फुले माळेत ओवा की मोकळी ठेवा, त्यांच्या सुवासात उणेपणा येत नाही.

यावरून पुष्कळ जण ‘शब्दच श्रेष्ठ’ असा निकाल देऊन मोकळे होतात. मला तो अर्धाच वाटतो. माउलींनी दोऱ्याला नावे ठेवलेली नाहीत. मोकळी फुले ओंजळीत मावतील तेवढीच न्यायची. देवाच्या गळ्यात घालायची तर माळच लागते. दोऱ्याविषयी एक गोष्ट मात्र कोणीही फुलवाली सांगेल. माळेत दोरा दिसू लागला की समजावे, फुले कमी पडली.

दोरा कसा असावा हे आपल्या संतांनी अभंगाच्या बांधणीतच ठरवून ठेवले आहे, असे मला वाटते. मोठ्या अभंगाचा चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा. लहान अभंगात आठ-आठ अक्षरे. येथे अक्षरे मोजायची. लघु-गुरूचा हिशेब नाही. म्हणून गाणारा कोणतेही अक्षर हवे तेवढे लांबवू शकतो, आणि एकाच चालीत शेकडो अभंग बसतात. एकच अभंग आळंदीकडचा माणूस एका चालीत म्हणतो, मराठवाड्यातला दुसऱ्या चालीत, आणि दोघांचेही बिघडत नाही. शेवटच्या चार अक्षरांपाशी आवाज टेकतो. ती टेकण्याची जागा फार मोलाची आहे. आधी जे म्हटले ते तेथे मनात उतरते, आणि मागच्या टाळकऱ्याला कळते की आता उचलायचे.

चित्रपटगीताचे तसे नसते. तेथे पुष्कळदा चाल आधी होते आणि कवी तिच्या मापाने शब्द लिहितो. चाल आणि शब्द एकमेकांसाठी बेतलेले. त्यात वाईट काही नाही, तीही कलाच आहे. पण दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा अभंगाच्या अंगावर चढवला की कुठेतरी ओढतो. आमच्या मुलाच्या चालीत नेमकी ती चार अक्षरांची टेकण्याची जागाच नव्हती. सूर पुढे धावत होता, म्हणून त्याने तेथे ‘रे’ आणि ‘हो’ भरले होते. एका ठिकाणी तर शब्द मधोमध तुटून त्याचे शेपूट पुढच्या ओळीत गेले होते. पोरांनी टाळ्या दिल्या त्या याच जागेवर.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. मी त्याला पुन्हा ती चाल नुसती गुणगुणायला सांगितली आणि विचारले, ‘मनात पहिल्यांदा कोणते शब्द आले?’ तो खरे बोलणारा मुलगा. लाजून हसला. चित्रपटातले आले होते. चाल आपले माहेर लवकर विसरत नाही.

पण लवकर नाही, एवढेच म्हणतो. कधीच नाही असे नव्हे. याला साक्षी आमच्याच गावचे अनंत फंदी. त्यांचा जन्म १७४४चा, देह ठेवला १८१९ साली. आडनाव घोलप. मलिक फंदी नावाच्या फकिराच्या सहवासामुळे ‘फंदी’ हे नाव चिकटले, असे सांगतात. डफ-तुणतुण्यावर लावण्या गाणारा हा शाहीर. तमाशा सोडून ते कीर्तनाकडे वळले, आणि हे अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून घडले अशी कथा आहे. त्यांच्या नावाची व्याख्यानमाला गावात भरते, शाळेच्या पुस्तकातला त्यांचा फटका पुष्कळांना येतो. पण मला वाटते त्यांच्या आयुष्यातला खरा प्रश्न आपण कधी विचारलाच नाही. तमाशा सोडताना फंदींनी बरोबर काय आणले?

गळा तोच आणला. ठेकाही तोच असावा, असे तो फटका ऐकताना वाटते. सोळा आणि चौदा अशी तीस मात्रांची ती ओळ म्हणजे शाहिरी थाटाची ठसकेबाज चाल. अभंगाचा संथपणा तिच्यात नाही. तिच्यात त्यांनी उपदेश भरला. आज तो फटका म्हणताना कोणाला डफ आठवत नाही, घरातला वडीलधारा माणूस आठवतो. म्हणजे चालीचे माहेर सुटले. मात्र हे उसन्या चालीने साधले नाही. त्या ठेक्यात फंदींचे आयुष्य गेले होते आणि शब्दही त्यांचे स्वतःचे होते. संगमनेर अजूनही जसे सप्त्यांचे गाव आहे तसेच तमाशाचेही आहे, आणि गौळण दोन्हीकडे आहे. आपल्या भजनातल्या कोणत्या गौळणीची चाल कोणत्या फडातून आली, याचा शोध घ्यायला गेलो तर आमचे रागावलेले टाळकरीही अडचणीत येतील. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, टाळ मात्र उचलले नाहीत.

चालीचा उपकार केवढा असतो याचे एक उदाहरण देतो. सोयराबाईंचे अभंग गाथ्यात होतेच. पण किशोरी आमोणकरांनी त्यांचा रंगाचा अभंग गायला, आणि ज्या घरांत चोखोबांच्या या पत्नीचे नाव कधी निघाले नव्हते तेथे ते पोहोचले. तीच गोष्ट भीमसेन जोशींच्या गायनाची. राम फाटकांनी चाल दिलेला नामदेवरायांचा अभंग त्यांच्या गळ्यातून ऐकताना ‘विठ्ठल’ हा एकच शब्द दर वेळी निराळा वाटतो. काही वारकरी याला नाके मुरडतात. मी मुरडत नाही. तो ऐकायचा अभंग आहे, चालायचा नव्हे. दिंडीत मात्र तो तसा म्हणता येणार नाही. तेथे शेवटच्या ओळीतला, दम लागलेला, सूर नसलेला माणूसही तोंड उघडू शकला पाहिजे. आपण गाण्याच्या बांधणीलाही चाल म्हणतो आणि पायांच्या गतीलाही, हे मला उगाच वाटत नाही. निवृत्तिनाथ महाराजांची पालखी सिन्नरकडून आमच्या तालुक्यात येते तेव्हा रस्त्याकडेला उभे राहून ऐकावे. पाय ज्या लयीत पडतात त्याच लयीत चरण पडतात.

आता शब्दांच्या बाजूने एक तक्रार, आणि ती चित्रपटवाल्यांविषयी नाही, आपल्याविषयी आहे. १९३६ साली प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ आला. त्यात विष्णुपंत पागनीसांच्या तोंडी बीज आणि वृक्षाचे एक गाणे आहे. ते शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी लिहिले, संगीत केशवराव भोळे यांचे. लोकांनी ते तुकोबांचाच अभंग म्हणून स्वीकारले, जाणत्यांनीही ते गाथ्यात शोधले असे सांगतात. आजही ते तुकोबांच्या नावावर सर्रास ऐकू येते. आठवल्यांच्या लेखणीचा हा मोठा गौरव आहे, विचारही उत्तम आहे. पण त्यात ‘तुका’ ही नाममुद्रा नाही, अक्षरांची ठेवण गाथ्यातल्या अभंगांची नाही. शब्दांकडे कान दिला असता तर लगेच लक्षात आले असते. आपण पागनीसांचा चेहरा पाहिला, सूर ऐकला, आणि हात जोडले. हात जोडले यात चूक नाही. ऐकले नाही, ही चूक.

हल्ली कीर्तनातही हेच दिसते. महाराज एक चरण घेऊन निरूपणाला उभे राहतात, आणि मागचे गायक चाल उचलून आलापात असे काही शिरतात, की परत येईपर्यंत श्रोता कोणता चरण चालला होता तेच विसरतो. गायकाला दाद मिळते, महाराज घाम पुसत उभे. पूर्वी गायकाने उचललेल्या चालीने निरूपणाला आधार मिळे. आता बऱ्याच ठिकाणी निरूपण ही दोन चालींमधली विश्रांती झाली आहे. गाण्याची कला आपल्याला येत नाही, माझ्या बोबड्या बोलांकडे चित्त दे, असे तुकोबांनी विठ्ठलाला विनवले. आपल्या मंडपातल्या ध्वनिक्षेपकाचा आवाज पाहता आपल्याला बोबडे बोल ऐकू येतील की नाही याची मला शंका आहे.

असो. त्या रात्री मी निवाडा दिला नाही. मुलाला इतकेच म्हटले, की हा अभंग महिनाभर पेटीशिवाय म्हण, अर्थ विचार, मग तुला जी चाल सुचेल ती घेऊन ये. मीही अडलेल्या त्या शब्दाचा अर्थ सार्थ गाथा उघडून पाहिला. मला वाटत होते त्याच्या अगदी उलट निघाला.

मुलगा महिन्याने नाही, माघी एकादशीला आला. चाल त्याची स्वतःची होती, भजनी ठेक्यावर बसणारी. पहिले तीन तुकडे सुरेख बसले होते. शेवटच्या चार अक्षरांपाशी सवयीने अजून एक ‘रे’ घसरत होता. बाहेरची पोरे या वेळी निम्मीच आली. उठून गेलेल्या दोघांपैकी एक जण परत येऊन बसले आहेत. दुसरे येतात, पण ही चाल सुरू झाली की टाळ मांडीवर ठेवतात आणि ओठांनी शब्द म्हणतात.