तेलाच्या बाटलीचे परीक्षण

पालकसभा संपली की विज्ञानाच्या शिक्षकांना गाठून हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : "सर, स्वयंपाकाला तेल कोणतं चांगलं? ऑलिव्ह सुरू करू का?" पुण्यातल्या कोणत्याही मोठ्या किराणा दुकानात आज शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन, राइस ब्रान आणि ऑलिव्ह ही तेले शेजारीशेजारी मांडलेली दिसतात. ऑलिव्हची किंमत इतरांच्या कितीतरी पट असते. पालकांनी बाटलीवरचा मजकूर आधीच वाचलेला असतो. आपल्याकडून त्यांना हवा असतो तो दुजोरा. तो देण्यापूर्वी या मजकुराचे, एखाद्या पुस्तकाचे करावे तसे, परीक्षण करणे आपले कर्तव्य आहे.

पहिले वाक्य : 'कोलेस्टेरॉलमुक्त'. हे खरे आहे, पण निरुपयोगी आहे. कोलेस्टेरॉल हा मुख्यतः प्राणिज पदार्थांतील घटक. वनस्पतिजन्य तेलात तो नगण्यच असतो; मग तेल कोणतेही असो. दुधाच्या पिशवीवर 'यात माशाचे काटे नाहीत' असे छापण्यासारखाच हा प्रकार. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते ते मुख्यतः आहारातील संपृक्त मेदाम्लांमुळे आणि ट्रान्स मेदाम्लांमुळे. खोबरेलात सुमारे ९० टक्के आणि पामतेलात सुमारे ५० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात, पण 'कोलेस्टेरॉलमुक्त' हे विशेषण त्यांनाही तितकेच लागू पडते. तेलाचे हायड्रोजनीकरण करून बनवलेल्या वनस्पती तुपालाही ते लागू पडत होते आणि त्याच तुपात ट्रान्स मेदाम्ले भरपूर असत. त्यांच्यावर २ टक्क्यांची मर्यादा आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून आली.

दुसरे वाक्य : 'लाइट'. ऑलिव्हच्या बाटलीवर हा शब्द रंग आणि चव सौम्य असल्याचे सांगतो, उष्मांक कमी असल्याचे नव्हे. तेल घाण्याचे असो वा परदेशी, एक ग्रॅम तेलातून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते.

तिसरे वाक्य : 'हृदयासाठी उत्तम'. इथे मात्र थांबून विचार करायला हवा, कारण यामागे काही पुरावा आहे. ऑलिव्ह तेलात सुमारे ७० टक्के ओलेइक हे एकअसंपृक्त मेदाम्ल असते. स्पेनमध्ये सुमारे ७,४०० लोकांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. भूमध्यसागरी आहारासोबत भरपूर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळले. मात्र तेलाऐवजी अक्रोड, बदाम यांसारखा सुका मेवा दिलेल्या गटालाही जवळजवळ तेवढाच लाभ झाला होता. पुढे काही ठिकाणी गटवाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निःपक्षपाती झाली नसल्याचे उघड झाले. तेव्हा २०१८ मध्ये संशोधकांनी तो निबंध मागे घेतला आणि नव्याने विश्लेषण करून, अधिक सावध शब्दांत, पुन्हा प्रसिद्ध केला. निष्कर्ष साधारण तोच राहिला. विज्ञान स्वतःची चूक कशी दुरुस्त करते, हे वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

या प्रयोगातले तेल 'एक्स्ट्रा व्हर्जिन' होते, म्हणजे फळे दाबून काढलेले, रसायनांचा वापर न केलेले. आपल्या बाजारात 'भारतीय स्वयंपाकासाठी' म्हणून पुष्कळदा विकले जाते ते 'पोमेस' तेल. ते फळांच्या उरलेल्या चोथ्यातून द्रावकाने काढून मग शुद्ध केलेले असते. ओलेइक आम्ल त्यातही असते. पण एकाने मिळवलेले प्रशस्तिपत्र दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही.

आता आपल्या करडईकडे वळू. महाराष्ट्राच्या कोरडवाहू रब्बीतले हे जुने पीक. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने त्याच्या बिनकाट्यांच्या वाणांवर मोलाचे काम केले आहे. करडईच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलेइक हे बहुअसंपृक्त मेदाम्ल असते आणि म्हणून तेही 'हृदयाचे तेल' म्हणून नावाजले गेले. पण १९६६ ते १९७३ या काळात सिडनीत हृदयविकाराच्या ४५८ पुरुष रुग्णांवर झालेल्या प्रयोगाची जुनी आकडेवारी २०१३ मध्ये पुन्हा तपासली गेली, तेव्हा करडई तेल आणि त्याचे मार्गारिन घेणाऱ्या गटात मृत्यू अधिक आढळले. यावरून करडई घातक ठरवणेही तितकेच चूक. प्रयोग लहान होता, मार्गारिनमध्ये ट्रान्स मेदाम्ले असण्याची शक्यता होती आणि इतर अनेक अभ्यासांत लिनोलेइक आम्ल हृदयाला अनुकूलच दिसले आहे. बोध इतकाच, की एकाच तेलाचा अतिरेक हा शहाणपणाचा मार्ग नव्हे.

चौथे वाक्य, हल्ली पुण्यात गल्लोगल्ली दिसणारे : 'लाकडी घाण्याचे शुद्ध तेल'. घाण्याच्या तेलात मूळचा वास, रंग आणि काही उपयुक्त घटक टिकतात, हे खरे. पण घाणा बदलल्याने मेदाम्लांचे प्रमाण बदलत नाही. शिवाय शेंगदाणे बुरशी लागलेले असतील तर अफ्लाटॉक्सिन हे विष शुद्धीकरण न केलेल्या तेलात उतरू शकते. तेव्हा घाणेवाल्याला दर विचारण्याआधी दाणे पाहावेत.

या सर्व मजकुरात जे छापलेले नसते, तेच सर्वांत महत्त्वाचे : तेल किती खावे? चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपतो असे समजा. लिटरला सुमारे ९१० ग्रॅम धरले, तर माणशी रोज जवळजवळ ३८ ग्रॅम होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेनुसार बैठे काम करणाऱ्या प्रौढाला तूप-लोण्यासह २० ते २५ ग्रॅम पुरेसे आहे. डब्यात ऑलिव्ह भरले म्हणून हा जादा भार हलका होत नाही. फक्त महाग होतो.

मग पालकांना काय सांगावे? आधी तेल मोजा. शेंगदाणा तेलात ओलेइक आणि लिनोलेइक दोन्ही चांगल्या प्रमाणात आहेत. ते ठेवा आणि आलटूनपालटून करडई, सोयाबीन किंवा मोहरीचे आणा. तळणाचे तेल पुन्हापुन्हा तापवू नका. ऑलिव्ह परवडत असेल तर एक्स्ट्रा व्हर्जिन घ्या आणि कोशिंबिरीवर घाला. फोडणीनेही ते बिघडत नाही, पण ज्या स्वादासाठी पैसे मोजले तो बराचसा उडून जातो. हृदयविकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

वर्गात हा उपक्रम अवश्य करून पाहा. विद्यार्थ्यांना घरातल्या तेलाच्या पिशवीवरचा मजकूर उतरवून आणायला सांगा आणि प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारायला लावा. हे खरे आहे का? शेजारच्या बाटलीबद्दलही हे खरे आहे का? आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर यात आहे का? बहुतेक वाक्ये पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होतील आणि दुसऱ्यात नापास. खरे वाक्यही दिशाभूल करू शकते, हे ज्या मुलाला एकदा उमगले, त्याच्या घरी पुढचा डबा विचार करूनच येईल.